हरलेल्या ठरावांचा वारसा

मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकावर मतदान झालं. विधेयक आदल्या वर्षी, १६ मार्च १९११ रोजी मांडलेलं होतं. मागणी माफक होती. ज्या नगरपालिकांची आणि स्थानिक मंडळांची तयारी असेल त्यांना आपापल्या हद्दीत मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळावी आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, एवढंच गोखले मागत होते. विधेयकाच्या बाजूने १३ मतं पडली, विरोधात ३८. निकाल काय लागणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि भाषणात त्यांनी ते बोलूनही दाखवलं. आपली तक्रार नाही, आपण निराशही होणार नाही, असं सांगून ते म्हणाले की आजच्या पिढीला आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करता येणार आहे. यशातून सेवा करण्याचं भाग्य ज्यांना लाभेल ती माणसं मागाहून येतील.

मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मधे ९८ वर्षं गेली. कायदा झाला तेव्हा श्रेयाच्या वाटपात गोखल्यांचं नाव कुठे फारसं आलं नाही, आणि त्यांची तशी अपेक्षाही नसावी. पण विरोधी बाकावरून सामाजिक प्रश्न मांडणाऱ्या माणसाच्या कामाचं स्वरूप काय असतं, हे त्या दिवशीच्या भाषणाइतकं स्वच्छ क्वचितच कुणी सांगितलं असेल. सत्तेवरचा माणूस निर्णय घेतो आणि त्या निर्णयावर त्याचं नाव लागतं. विरोधी बाकावरच्या माणसाच्या हाती निर्णय नसतो. त्याच्या हाती फक्त विषय असतो. तो विषय सभागृहाच्या नोंदीत उतरवायचा, हरायचं, पुन्हा मांडायचा आणि एक दिवस दुसऱ्याच कुणाच्या सहीने तो कायदा झालेला पाहायचा. पुष्कळदा तर ते पाहायलाही आपण नसायचं.

या कामाची हत्यारं तशी लहान असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय ठराव, अशासकीय विधेयक. लोकसभेत अशासकीय कामकाजासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. त्या वेळी सभागृह बहुधा ओस पडलेलं असतं, कारण सदस्य आपापल्या मतदारसंघांच्या वाटेला लागलेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर संसदेने अवघी १४ अशासकीय विधेयकं मंजूर केली आणि त्यांतलं शेवटचं १९७० सालचं. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक द्रमुकचे तिरुची शिवा यांनी मांडलं आणि राज्यसभेने ते २४ एप्रिल २०१५ रोजी मंजूर केलं, तेव्हा कित्येक दशकांनी एका सभागृहाने असं विधेयक मान्य केलं होतं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही. सरकारने स्वतःचं वेगळं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. शिवांच्या मसुद्यातलं पुष्कळसं त्यात नव्हतं. पण शिवांनी तो विषय मांडलाच नसता तर सरकारला इतक्या लवकर आपलं विधेयक आणावंसं वाटलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

मतांच्या हिशेबात हे सगळं अपयश दिसतं. तरीही सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला एक असं सामर्थ्य आहे जे मोर्चाला नाही आणि वर्तमानपत्रातल्या अग्रलेखालाही नाही. तिथे सरकारला उत्तर द्यावंच लागतं, आणि दिलेलं उत्तर कायम राहतं. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव आला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण त्या चर्चेत नुकतेच फर्रुखाबादहून निवडून आलेले राममनोहर लोहिया म्हणाले की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. मग योजना आयोगाचे आकडे निघाले, वाद झडला आणि गरिबी ही कणव वाटण्याची गोष्ट न राहता मोजण्याची आणि जाब देण्याची गोष्ट झाली. लोहियांचा आकडा किती अचूक होता यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालत राहिले. पण गरिबाच्या खिशात दिवसाला काय पडतं, हे देशाच्या सर्वोच्च सभागृहात सांगण्याची जबाबदारी सरकारवर येऊन पडली ती त्या दिवशी.

कधी कधी उत्तर नसणं हेच उत्तर ठरतं. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर दगावले असं लोकसभेत लेखी विचारण्यात आलं. अशी माहिती ठेवलेली नाही, असं कामगार मंत्रालयाने कळवलं. रेल्वे रुळांवर, महामार्गांवर, ट्रकांच्या हौद्यांत जी माणसं गेली त्यांची मोजदाद राज्याने केली नाही, ही गोष्ट आता राज्याच्याच दप्तरी नोंदलेली आहे. उद्याचा इतिहासकार ती वाचेल. प्रश्न विचारला नसता तर ही नोंदही नसती.

पण नोंद पुरेशी असते का? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात पाण्याच्या काठी मिळतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. हा ठराव हरला नाही, मंजूर झाला. सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी कुणी त्या तळ्याला हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं, तेव्हा कौन्सिलातला तो ठराव जमिनीवर आला. त्यानंतर मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

बोल्यांच्या ठरावाने सत्याग्रहाला कायद्याची जमीन दिली आणि सत्याग्रहाने ठरावाला अर्थ दिला. आंबेडकरांना ही जोडी फार चांगली कळली होती. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते मुंबई विधानसभेत विरोधी बाकांवर होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी कोकणातली जमीनदारीची खोतीपद्धत नष्ट करणारं विधेयक मांडलं. कोकणात चरीच्या शेतकऱ्यांचा संप त्याआधी चार वर्षांपासून चालू होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. विधेयक पुढे सरकलं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर राज्य दुसऱ्यांचं होतं आणि आंबेडकर दिल्लीत राज्यघटना घडवत होते. कोकणातल्या कुळाच्या नावावर जमीन लागली तेव्हा सातबाऱ्यावर अर्थातच त्या पडलेल्या विधेयकाचा उल्लेख नव्हता.

पाण्याची हीच वाट पुढे मुंबईच्या उपनगरांत येते. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली. १९५८ मध्ये त्यांचे पती केशव तथा बंडू गोरे गेले. १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी पालिकेत आणि रस्त्यावर जो पाठपुरावा केला, त्यातून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. अहिल्या रांगणेकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उभारलेल्या महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आणीबाणीत त्या भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत पोचल्या. पुढे त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

त्यांच्या कामातला एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात गर्भजल परीक्षण करून मुलीचा गर्भ असल्यास पाडण्याचा धंदा मुंबईत उघडपणे चालू होता, त्याच्या जाहिराती होत होत्या. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्या मंचाने त्याविरुद्ध मोहीम सुरू केली आणि १९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं. विरोधी सदस्याचं विधेयक मंजूर होत नसतं, तसं हेही झालं नाही. पण सरकारला हालचाल करावी लागली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा केला. तसा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं. १९९४ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. विरोधी बाकावरच्या एका विधेयकापासून देशाच्या कायद्यापर्यंतची ही साखळी आठ वर्षांची आहे.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. कायदा होता, तरी मुली कमी होत गेल्या. सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव पोचलं, कायद्याचा हात तिथवर पोचला नाही. महाडला जे घडलं तेच इथेही दिसतं. सभागृहात जिंकलेली गोष्ट घराच्या उंबरठ्यापर्यंत न्यायला आणखी एक लढाई लढावी लागते आणि ती लढणारी माणसं सभागृहाबाहेर असतात. पाण्याचंही तसंच. २०१२ मध्ये मृणालताई गेल्या. झोपडी अधिकृत असो वा नसो, तिथे राहणाऱ्या माणसाला पाणी मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये साठच्या दशकात हंडे घेऊन ज्या बायका बाहेर पडल्या होत्या, त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत यायला अर्धं शतक लागलं.

आपल्या देशापुरतंच हे नाही. मार्च १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेत ग्रीन पक्ष प्रथमच निवडून आला. पेट्रा केली आणि तिचे सहकारी सभागृहात आले ते कुंडीतली झाडं आणि आम्लवर्षेने वाळलेल्या वृक्षाची फांदी घेऊन. जुन्या पक्षांच्या लोकांना तो पोरकटपणा वाटला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यापैकी वाल्ट्राउड शोपे बोलायला उभ्या राहिल्या आणि विवाहांतर्गत बलात्काराला शिक्षा व्हावी असं म्हणाल्या. बाकांवरून हशा उसळला, टिंगल झाली. १९९० च्या निवडणुकीत पश्चिमेतल्या ग्रीन पक्षाला पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही आणि केलीचीही जागा गेली. शोपे ज्याबद्दल बोलल्या तो कायदा १९९७ मध्ये झाला. अणुवीज बंद करण्याची मागणी तर याहून नागमोडी वाटेने गेली. ग्रीन पक्ष पुढे सत्तेत भागीदार झाला तेव्हा तसा कायदा झाला, नंतरच्या सरकारने २०१० मध्ये भट्ट्यांची मुदत वाढवली आणि फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये त्याच अँगेला मर्केल सरकारने त्या बंद करण्याचं ठरवलं. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या. तो निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर जर्मनीत आजही वाद आहे. मला लक्षात घ्यावासा वाटतो तो काळ. ज्या बाकांवरून हसू उमटलं होतं, त्याच बाकांच्या वारसांनी पुढे हात वर केले.

पर्यावरणाच्या प्रश्नाला विरोधी बाकाची गरज इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा जास्त लागते, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण त्या प्रश्नाच्या स्वभावातच आहे. धरण, रस्ता, खाण, बंदर यांचा लाभ पाच वर्षांच्या आत दाखवता येतो, फीत कापता येते. नुकसान मात्र सावकाश येतं आणि अशांच्या वाट्याला येतं ज्यांना मत नाही किंवा ज्यांचं मत मोजण्याइतकं मोठं नाही. नदीला मत नाही. अजून न जन्मलेल्या मुलाला मत नाही. डोंगरउतारावरच्या चाळीस घरांच्या वाडीला मत आहे, पण त्या मतांनी कुणी पडत नाही. सत्तेवरचा पक्ष, मग तो कोणताही असो, पुढच्या निवडणुकीकडे पाहत असतो. त्यामुळे पुढच्या पिढीच्या वतीने बोलायला असा कुणीतरी लागतो ज्याला आज फीत कापायची नाही.

पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. माहितीच्या अधिकाराची आणि न्यायालयाची वाट चोखाळावी लागली तेव्हा कुठे तो २०१२ मध्ये लोकांपुढे आला. ज्या घाटात लाखो लोक राहतात, त्याच्याविषयी सरकारनेच नेमलेल्या समितीचं म्हणणं त्याच लोकांपासून दूर ठेवलं गेलं. ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २०२१ मध्ये तळिये गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तेव्हा विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. सभागृहात निवेदन झालं, शोक व्यक्त झाला आणि ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती असं सरकारने सांगितलं. ती यादी कधी केली, कुणी केली, वाड्यांपर्यंत कोण जाऊन आलं, कोणत्या वाड्या त्यात यायला हव्यात आणि आलेल्या नाहीत, हे प्रश्न दरड कोसळण्याआधी, एखाद्या कोरड्या मार्चमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनात कुणीतरी चिकाटीने विचारायचे असतात. त्यांना मथळे मिळत नाहीत. पण माणसं वाचतात ती अशाच प्रश्नांनी.

अशा चिकाटीचं एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून विधानसभेत होते. शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली ते अकरा वेळा निवडून आले आणि दोनदा थोडा काळ मंत्रिपदावर बसले तेवढे सोडले तर बहुतेक काळ विरोधातच राहिले. त्यांचा तालुका कायमचा दुष्काळी. कृष्णेचं पाणी त्या माळरानावर यावं, हा त्यांचा विषय आणि तो त्यांनी सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, तरी सोडला नाही. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची आठवण काढतात. त्यांच्या साधेपणाचं कौतुक व्हावंच, पण साध्या राहणीपेक्षा दुर्मीळ होती ती एकाच विषयाशी पन्नास वर्षं बांधून घेण्याची वृत्ती.

आज ही वृत्ती टिकायला जागा कमी होत चालली आहे. सप्टेंबर २०२० च्या संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन कृषी कायदे चर्चेविना मागे घेण्यात आले; ज्या कायद्यांविरुद्ध शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, ते मागे घेताना त्यांवरचा वाद संसदेच्या नोंदीत आलाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि त्याच दिवसांत जुन्या फौजदारी कायद्यांची जागा घेणारी विधेयकं मंजूर झाली. निलंबित सदस्यांनी विचारलेले प्रश्नही यादीतून काढले गेले. विरोधकांचा गदारोळ, फलक, हौदात उतरणं यांत दोष नाही असं मी म्हणत नाही. गोखले आकडे पाठ करून येत. तो अभ्यास आज किती बाकांवर दिसतो, हे विरोधी पक्षांनीही स्वतःला विचारलं पाहिजे. पण प्रश्नच यादीतून काढला की नुकसान एका पक्षाचं होत नाही. पुढच्या पिढीला जी नोंद मिळायची ती मिळत नाही.

आणि या ऱ्हासात आपण मतदारही सामील आहोत. निवडणूक आली की आपण उमेदवाराला विचारतो, निधी किती आणला? खासदार निधीची योजना १९९३ मध्ये सुरू झाली. आज प्रत्येक खासदाराच्या नावे वर्षाला ५ कोटी असतात. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे हेच प्रतिनिधीच्या कामाचं माप होऊन बसलं. मग विरोधी बाकावर बसलेला माणूस सांगतो की विरोधात राहून मतदारसंघाची कामं होत नाहीत, आणि एक दिवस सत्तेकडे जातो, आणि आपण ते समजून घेतो. हे माप घेऊन गेलं तर गोखले नापास होतात. खोतीच्या विधेयकापुरते आंबेडकरही नापास होतात. मृणालताईंच्या विधेयकाला तर शून्य गुण मिळतील.

दुसरं माप वापरायला अवघड नाही. आपल्या आमदाराने, खासदाराने या पाच वर्षांत कोणते प्रश्न विचारले, कोणत्या लक्षवेधी दिल्या, कोणतं अशासकीय विधेयक मांडलं, हे विधिमंडळाच्या आणि संसदेच्या कार्यवाहीत छापलेलं असतं आणि कुणालाही वाचता येतं. गावच्या ग्रामसभेत, शहरातल्या सोसायटीच्या बैठकीत, कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या वर्गात ते वाचलं गेलं पाहिजे. आपल्या नदीत कोणत्या कारखान्याचं पाणी सोडलं जातं, आपल्या वाडीचं नाव धोक्याच्या यादीत आहे का, आपल्या जिल्ह्यात मुली किती जन्मतात, हे आपल्या प्रतिनिधीने विचारलं का, एवढं तरी त्याला तोंडावर विचारता आलं पाहिजे. विचारलं नसेल तर प्रश्न लिहून त्याच्या हाती द्यावा. उत्तर ‘माहिती नाही’ असं आलं तर तेही जपून ठेवावं आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायला लावावं. गोखल्यांनी ज्यांची वाट पाहिली ती मागाहून येणारी माणसं आपणच आहोत, आणि त्यांचं हरणं वाया गेलं नाही हे दाखवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.